भिंगबाईंची फेरतपासणी

शर्टांच्या कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. सुटलेला टाका, वाकडी कॉलर, तिच्या नजरेतून काही निसटत नसे. म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणत.

गरोदरपणाचा चौथा महिना लागला आणि नेहमीच्या तपासणीत लघवीत जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. पण ना जळजळ, ना ताप, ना ओटीपोटात दुखणं. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"बाटली बदलली असणार," ती नवऱ्याला म्हणाली. "पाच जणींच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये होत्या."

"अगं, त्यावर नाव असतं."

"लेबलं मीही चिकटवते. चुकीची किती निघतात ते मला विचार."

पोटातल्या जिवाला उगाच औषध कशाला, म्हणून गोळ्या कपाटातच राहिल्या. नवरा विचारायचा, ती विषय बदलायची. तिसऱ्या दिवशी मात्र अर्धी रजा टाकून तिने थेट लॅब गाठली आणि तिथल्या वयस्कर टेक्निशियनची उलटतपासणी सुरू केली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नमुना कसा दिला होतात?"

"कसा म्हणजे? बाटली भरली."

"आधी स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडायची. नाहीतर बाहेरचे जंतू मिसळतात. तुमची शंका अगदीच वावगी नाही, ताई. पुन्हा द्या."

या वेळी लेबल तिने स्वतः चिकटवलं. बाटली नजरेआड होऊ दिली नाही. टेक्निशियननी तिला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. बारीक बारीक काड्या वळवळत होत्या.

"मग मला दुखत का नाही?"

"काहींना नाही दुखत. पण गरोदरपणात हे मूत्रपिंडापर्यंत चढू शकतं. मग थंडीताप, कधी वेळेआधी बाळंतपण."

दोन दिवसांनी पक्का रिपोर्टही तेच म्हणाला. ती डॉक्टरीणबाईंपुढे बसली. गोळी बाळाला चालते ना, हे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारांनी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा कुठे पहिली गोळी पोटात गेली.

"सगळ्या संपवा. आठवड्याने पुन्हा तपासू," बाई म्हणाल्या. "आणि कामावर लघवी दाबून ठेवता का?"

उठलं की सुपरवायझर घड्याळ बघायचा, म्हणून ती पाणीच कमी प्यायची.

फेरतपासणी साफ आली. आता तिच्या टेबलावर पाण्याची मोठी बाटली असते. ती दर दोन तासांनी उठते. सुपरवायझर घड्याळ बघतो, आणि ती त्याच्याकडे बघते, कॉलर तपासावी तशी.