रेबतीच्या बड्या
रेबती महातोच्या हाताला चव होती, हे मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते. नवरा गेला आणि ती भातलावणीला पूर्वेकडे जाणाऱ्या टोळीत जायला लागली. आमच्या पुरुलियात, बंगालच्या या कोरड्या टोकाला, पीक एकच, तेही पाऊस आला तर. तिची लहानगी झुम्पा तेव्हा शेजारी माझ्याकडे राहायची. एकदा आई परतली, तर पोरीनं तिला ओळखलंच नाही. त्या दिवशी रेबती म्हणाली, “बास झालं, काकी. आता पोरीला टाकून जायचं नाही.” आणि तिनं उडदाच्या बड्या, म्हणजे वाटल्या डाळीचे उन्हात वाळवलेले सांडगे, घालून विकायला सुरुवात केली.

पाच वर्षं बरी गेली. पांढऱ्याशुभ्र, हलक्या बड्या, तळल्या की फुलायच्या. बाजारात बायका तुटून पडायच्या.

मोसमातल्या पहिल्या दोन बड्या म्हणजे नवरा-नवरी. त्या घालून नवरीला सिंदूर लावायचा, दूर्वा वाहायच्या, आणि हे सवाष्णीनंच करायचं. रेबतीसाठी ते मी करायचे.

सहाव्या वर्षी माझं डोकं फिरलं. ती म्हणे बाजारात बोलली, “काकी दोनच बड्या घालते, राबते मी.” खरंच होतं की! पण मला झोंबलं. म्हटलं, बस आता वाट बघत. सकाळी तिनं दोनदा हाक मारली. मी “आले, आले” म्हणत तांदूळ निवडत बसले. वाटलेली डाळ ती, ऊन चढलं की आंबते. दुपारी गेले तर चटया भरलेल्या, आणि नवरीला सिंदूर!

“तू लावलास?”

“काय करू, काकी? सगळी डाळ वाया गेली असती.”

मी तडक विहिरीवर गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. “विधवेनं लगीन लावलं गं बायांनो, काय दिवस आले!”

झालं. अपशकुनाच्या भीतीनं तिच्या टोपलीला कुणी हात लावेना. एका लग्नघरी बड्या सांगितल्या होत्या, तिथूनही निरोप आला, नकोत. तीन बाजार ती भरली टोपली तशीच घेऊन परतली. चौथ्याला गेलीच नाही.

माझं मन मला खाऊ लागलं. गेले तिच्याकडे. म्हटलं, “चूक माझी आहे, रेबती. मीच सिंदूर लावला असं सांगते सगळ्यांना.”

तिनं चुलीवर कढई चढवली. दोन बड्या तळल्या, वाटीत घालून माझ्यापुढे ठेवल्या.

“आधी तुम्ही खा, काकी.”

घरी माझी सून सात महिन्यांची गरोदर होती. माझा हात उठेना. देवाशपथ, उठेना. बड्या गार झाल्या.

“जा घरी, काकी,” ती म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

माघात उन्हाळी भाताच्या लावणीला टोळी निघाली. या खेपेला झुम्पाला माझ्याकडे ठेवायला ती आली नाही. आठ वर्षांची पोर, शाळा सोडवून बरोबर नेली, चिखलात रोपं लावायला. मी मेली रस्त्याच्या कडेला उभी. पोरीनं मला बघून हात हलवला. आईनं तो धरून खाली केला.