चिठ्ठीवर चालणारं विमान

"काका, एकच सांगा. घेऊ का नको?"

प्रज्ञा ऑफर लेटर पुढं करून बसली होती आणि मी चष्मा शोधायच्या निमित्तानं वेळ काढत होतो. चष्मा कपाळावरच होता. ते तिला दिसत होतं, पण ती बिचारी बोलली नाही.

प्रज्ञा ही खरातची मुलगी. खरात म्हणजे चिकलठाण्याच्या विमानतळावर माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला मेकॅनिक, मूळचा पैठणचा. त्याची पोरगी पायलट झाली तेव्हा त्यानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पण कमर्शियल पायलटचं लायसन हातात येऊन दोन वर्षं झाली, तरी पोरगी घरीच होती. लायसन मिळतं तेव्हा गाठीला जेमतेम दोनशे तासांचं उड्डाण असतं. मोठ्या कंपन्या म्हणतात, जास्त तास आणा. तास नोकरीशिवाय मिळत नाहीत. अशा वेळी ज्यांच्याकडं कोणी जायला तयार नसतं, त्यांचीच पत्रं येतात.

हे पत्र तसंच होतं. एक खासगी चार्टर कंपनी, एकच विमान. दोन इंजिनांचं, छोटं, पंख्याचं, आणि चांगलंच जुनं. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या धंद्यात ते नाव काढलं की लोक विषय बदलतात.

मी विमानाचा मेंटेनन्स इंजिनिअर. प्रवाशांना पायलट दिसतो, आम्ही दिसत नाही. विमान दुरुस्त झालं, उडायला हरकत नाही, अशी सही आमची लागते. रिटायर झालो तरी लायसन चालू ठेवलं होतं, त्यामुळं छोट्या कंपन्या अडीनडीला बोलावत. ही कंपनीसुद्धा बोलवायची.

"नको घेऊस," मी म्हणालो.

"का पण?"

मी तिला टेक लॉगचं सांगितलं. टेक लॉग म्हणजे विमानाची वही. पानांना नंबर असतात, खाली कार्बन कॉपी असते, त्यामुळं पान गायब करता येत नाही. विमानात काही बिघाड दिसला तर पायलटनं त्या वहीत लिहायचं. आमच्या भाषेत बिघाडाला स्नॅग म्हणतात. ब्रेकसारखा स्नॅग एकदा वहीत आला की इंजिनिअरची सही होईपर्यंत विमान जागेवरून हलत नाही.

"ह्यांची वही बघ. पानामागून पान निल. म्हणजे एकही तक्रार नाही. माझी स्कूटर आठवड्याला ह्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते."

"मग स्नॅग जातात कुठं?"

"चिठ्ठीवर. कॅप्टनच्या समोरच्या सनशेडला रबरबँड लावलेलं असतं. त्यात चिठ्ठी खोचायची. सवडीनं इंजिनिअरला बोलावतात. तो काम करतो, चिठ्ठी फाडतो. वही कोरी."

"फाडतं कोण?"

मी कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. पोरगी हुशार.

"काका, मग तुम्ही कशाला जाता त्यांच्याकडं?"

ह्याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा दिलेलं होतं, तेच तिला दिलं. काम तर नीट होतं ना. मी नाही गेलो तर माझ्यापेक्षा कच्चा माणूस जाईल. मनात म्हणायचो तेव्हा हे बरं वाटायचं. तिच्यासमोर बोललो आणि मलाच ते पटेना.

तिनं पत्राची घडी घातली. "मग मी पण जाते. मी नाय गेले तर दुसरं कुणीतरी जाईलच की."

मला राग आला. पण वाक्य माझंच होतं.

ती रुजू झाली. ट्रेनिंग झालं, को-पायलट म्हणून उडायला लागली. एक दिवस तिनं वरून काढलेला जायकवाडीच्या पाण्याचा फोटो पाठवला. खरात तो फोटो शहागंजातल्या चहावाल्यापासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांना दाखवून आला.

त्याच आठवड्यात मला कंपनीचा फोन आला. प्रज्ञाची त्या दिवशी सुट्टी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, डावा ब्रेक सॉफ्ट. म्हणजे पेडल दाबलं की हवं तेवढं घट्ट लागत नाही, खाली बसतं. मी ब्रेकचं तेल भरलं, नळीत अडकलेली हवा काढली, पेडल घट्ट झालं. "आतलं रबरी सील बदलायला झालंय," असं कॅप्टनला तोंडी सांगितलं आणि चिठ्ठी फाडली.

ती उडायला लागल्याच्या अकराव्या दिवशी भर दुपारी मॅनेजरचा फोन आला.

"मुळे साहेब, लवकर या. तुमच्या पोरीनं लई घोळ करून ठेवलाय."

मी पोचलो तर एक कारखानदार आणि त्यांचे दोन अधिकारी लाउंजमध्ये घड्याळ बघत बसलेले. त्यांना नागपूरला जायचं होतं. विमानापाशी कॅप्टन हाताची घडी घालून उभा, आणि जरा बाजूला प्रज्ञा. वही उघडी होती. तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: लेफ्ट ब्रेक सॉफ्ट, लँडिंगनंतर विमान उजवीकडं ओढलं. खाली तिची सही.

"हिला चिठ्ठी लिहायला सांगितली होती," कॅप्टन म्हणाला.

"लिहीतच होते सर," प्रज्ञा म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, मागच्या आठवड्यात पण हीच होती, ती फाडली. तोच ब्रेक दोनदा गेला आणि वहीत एकदाही नाय. म्हणून वहीत लिहिलं."

ती माझ्याकडं बघत होती. माझं नाव तिनं घेतलं नाही. माझे कान मात्र तापले.

मी वाकून चाक पाहिलं. टायरच्या आतल्या बाजूनं लाल तेल ओघळलेलं. सील गेलं होतं. नवीन सील मुंबईहून येणार, म्हणजे उद्या.

मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. "साहेब, तेल भरा, हवा काढा, सही करा. मागच्या वेळी केलंच की."

"मागच्या वेळी सही नव्हती केली."

"मग आता करा. एवढं एक उड्डाण जाऊ द्या."

"सील गळतंय. धावपट्टीवर विमान थांबलं नाही तर?"

त्यानं आवाज खाली आणला. "पोरीचा विचार करा. विमान गेलं तर मी तिला चार शब्द सुनावून सोडून देईन. नाही गेलं तर उद्यापासून ती घरी. आता तुम्हीच ठरवा."

हे मला अपेक्षित नव्हतं. दोन वर्षं घरात बसलेली पोरगी, तिचे अकरा दिवस, आणि ते सगळं माझ्या एका सहीवर. खोटं कशाला बोलू, मी खिशातून पेन काढलं तेव्हा काय लिहायचं हे माझं ठरलेलं नव्हतं. तेल भरल्यावर एका उड्डाणापुरता ब्रेक टिकेलही, असा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

प्रज्ञाला आमचं बोलणं ऐकू गेलं असावं. ती जवळ आली.

"काका, माझ्यासाठी सही करायची नाय."

मी लिहिलं: सील लीक, पार्ट येईपर्यंत विमान ग्राउंडेड. मग आणखी एक ओळ लिहिली. मागच्या आठवड्यात ह्याच ब्रेकचं काम मी नोंद न करता केलं आहे. तारीख टाकली, सही केली. मला भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

कारखानदार गाडी काढून समृद्धीनं नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला पत्र मिळालं, प्रोबेशन समाधानकारक नाही. त्या एका ओळीमुळं माझी चौकशी झाली आणि लायसन सस्पेंड झालं. बरोबरच झालं. मुदत संपल्यावर ते परत घ्यायला मी गेलो नाही. कंपनी काही बंदबिंद पडली नाही. विमान आजही उडतं. वहीत हल्ली अधूनमधून स्नॅग दिसतात, असं ऐकतो.

खरातला तोंड कसं दाखवायचं, ह्याची मला धास्ती होती. चार दिवसांनी तो स्वतःच घरी आला, चहा प्यायला.

"साहेब, सील बदललं का?"

"बदललं."

"मग ठीकाय," म्हणाला, आणि कप आत ठेवून आला.

प्रज्ञा पुढं परीक्षा देऊन इन्स्ट्रक्टर झाली. एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवते. तास जमताहेत, हळूहळू. मोठ्या कंपनीचं बोलावणं अजून आलेलं नाही. तिचे विद्यार्थी बारीकसारीक स्नॅगसुद्धा वहीत लिहितात आणि तिथला इंजिनिअर वैतागतो, असं ती हसत सांगते.

तिच्या ओळखीतून अधूनमधून एखादा नवा पायलट माझ्याकडं येतो. कंपनी बदनाम आहे, पण दुसरी ऑफर नाही, घेऊ का? मी आता हो किंवा नाही असं सांगत नाही. एवढंच विचारतो: तिथल्या वहीत खरं लिहिलंस आणि दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं, तर चालेल का? चालणार असेल तर खुशाल जा.

मला उमेदीत हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी बहुतेक चष्माच शोधत बसलो असतो.