नंदेसरीच्या त्या ढगानंतरचा नितीनभाई

नितीनभाई आज पहाटे गेला. फुप्फुसं संपली होती.

मी घाबरलेय. त्याच्या छातीत गेला तो धूर माझ्याही छातीत गेला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आम्ही बडोद्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत शेजारी-शेजारी बसायचो. घरी मराठी, पण ऑफिसात तो सगळ्यांचा 'भाई'. गेममधला धूर, धुकं, आग हे त्याचं काम. हाताने काढायचा नाही. वारा किती, उष्णता किती, असे नियम लिहायचा, आणि स्क्रीनवर धूर आपोआप उठायचा.

खरा धूर बघितल्याशिवाय खोटा जमत नाही, म्हणायचा. म्हणून एका दुपारी त्याच्या स्कूटरवरून जवळच्या नंदेसरीला, कारखान्यांच्या वसाहतीत गेलो, धुराड्यांचा व्हिडिओ घ्यायला.

शूटिंग चालू असतानाच एका कारखान्यातून पिवळट ढग बाहेर आला.

तो वर गेलाच नाही. जमिनीलगत आमच्याकडे सरकायला लागला.

"भागो, गॅस छे!" कोणीतरी ओरडलं. लोक वारा नेईल तिकडे पळत सुटले.

नितीनभाईने स्कूटर आडव्या रस्त्याला घातली. वाऱ्याबरोबर पळालो तर ढग मागेच येणार, एवढंच बोलला.

वळणावर एक सायकलवाला पडलेला दिसला. नितीनभाईने मला हँडल धरायला लावलं आणि मागे गेला.

ढगाने दोघांनाही झाकलं.

माझा घसा जळत होता. हाक मारायला आवाज फुटेना. तो मेला, असंच मला वाटलं.

मग तो त्या माणसाला ओढत बाहेर आला.

सायकलवाला वाचला. आज स्मशानात सगळ्यांच्या आधी तोच येऊन उभा होता.

त्यानंतर नितीनभाईने स्टुडिओच्या सरांना सांगितलं, धूर दुसऱ्या कुणाला तरी द्या. त्याला दगड आणि झाडं मिळाली. धूर माझ्याकडे आला. प्ले दाबलं की माझा श्वास अडकायचा. त्याला कळायचं. चहाला घेऊन जायचा.

त्याचा खोकला मात्र गेलाच नाही.

मागच्या आठवड्यात भेटायला गेले. त्याने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"तू तपासून घेतलंस?"

नाही म्हटलं. भीती वाटते म्हटलं.

"मलाही वाटायची. म्हणून उशीर केला. तू नको करू."

उद्या स्कॅनला जातेय, नितीनभाई. रडत जाईन, पण जाईन.

तुला आता मोकळा श्वास मिळो.