फाटकासमोर लावलेली गाडी

देवाबद्दल मला कधी फार शंका नव्हती. शंका होती ती त्याच्या उपयोगाबद्दल. माहेरी दत्ताची उपासना, त्यामुळे गुरुवार पाळायचा, तसबिरीला हार घालायचा, नमस्कार करायचा, हे सगळं अंगवळणी पडलेलं. पण पन्नाशी जवळ आल्यावर एक दिवस लक्षात आलं, की आपण ऑफिसात कामं वाटून देतो तसंच देवाशी बोलतो. मुलीची परीक्षा आहे, बघ. सासूबाईंचं ऑपरेशन आहे, बघ. शनिवारी रिलीज आहे, काही मोडू देऊ नकोस. तो बघत होता की नाही कुणास ठाऊक, धावपळ तर मीच करत होते. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी गुरुवारचा दिवा लावायलाही विसरू लागले, आणि विसरल्याचं वाईटही वाटेनासं झालं.

मी नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम बघते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधले दोष ग्राहकाला सापडायच्या आत आपण शोधायचे, एवढंच ते काम. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. लग्नानंतर आम्ही इकडे आलो ते इकडचेच झालो. आमच्या कंपनीत आरोग्याची फार काळजी घेतली जाते. फोनवर ॲप आहे, ते दर तासाला पाणी प्यायची आठवण करतं. पण पाणी प्यायल्यावर उठून जायला दोन मीटिंगच्या मध्ये फट नसते. तणाव कमी कसा करावा याचं व्याख्यान जेवणाच्या सुट्टीत ठेवतात. पावलं मोजायची स्पर्धा झाली तेव्हा एकाने घड्याळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधलं आणि दुसरा नंबर पटकावला. तिशीतल्या मुलांच्या कमरेला पट्टे आहेत, खणात पित्ताच्या गोळ्या आहेत. टेस्टिंग आता यंत्रच करेल अशी कुजबुज सुरू झाल्यापासून कुणी आजारपणाची रजाही घेत नाही. वरची माणसं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. तीही घाबरलेलीच आहेत. एकमेकांना धीर देण्याऐवजी आम्ही एकमेकांना ॲप देतो, एवढंच.

अशात मला स्क्रीनवर काळे ठिपके दिसू लागले. एखादा केस चिकटावा तसं काहीतरी, नजर फिरवली की तेही फिरायचं. मी स्क्रीन पुसली. मग सपोर्टवाल्यांकडे तक्रार नोंदवून मॉनिटर बदलून घेतला. ठिपके तिथेच. मग केबल बदलली, लॅपटॉप बदलला, चष्मा बदलून जुना लावला, शेवटी खिडकीपासची जागा सोडून आत जाऊन बसले. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर एक-एक वस्तू बदलत जायची, ही आमच्या कामाची रीत. त्या रीतीने मी सगळं बदललं. जी एकच गोष्ट प्रत्येक वेळी तीच राहत होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. सपोर्टच्या मुलीने "दोष आढळला नाही" असा शेरा मारून तक्रार बंद केली. रोहित, माझा मॅनेजर, वयाने माझ्याहून बराच लहान, हसत म्हणाला, "मॅम, पहली बार ऐसा हुआ है कि आपका बग हमें नहीं दिख रहा." मीही हसले. कधीकधी उजवीकडे वीज चमकल्यासारखं व्हायचं. ते मी ट्यूबलाइटच्या नावावर घातलं.

त्या आठवड्यात शनिवारी मोठं रिलीज होतं, म्हणजे नवा प्रोग्रॅम ग्राहकांच्या हाती जायचा होता. गुरुवारी दुपारी तपासायला आलेला प्रोग्रॅम सुरूच होईना. डेव्हलपर मंडळी दुरुस्तीला बसली आणि आम्ही टेस्टर रिकामे झालो. रिलीजच्या आठवड्यात असं सहसा होत नाही. घरी जाऊन काय करायचं, म्हणून मला सबनीसकाकूंची आठवण झाली. काका सरकारी नोकरीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात, आणि त्यांच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताची आरती असते. दिल्लीतली पाच-सहा मराठी घरं जमतात. मी कित्येक महिने गेले नव्हते. मेट्रोतल्या दिव्यांचा डोळ्यांना त्रास होत होता म्हणून गाडी काढली. आज हे वाक्य लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला तो शहाणपणा वाटला होता.

जागा शोधत फिरले आणि इमारतीच्या कडेला एक रिकामी जागा दिसली तिथे गाडी लावली. वर गेले तर आरती सुरू झालीच होती. पुढे जागा होती, तसबिरीच्या अगदी समोर. पहिली आरती संपता संपता दार धाडकन उघडलं आणि खालच्या घरातल्या एक सत्तरीच्या बाई आत आल्या. स्वेटर, स्पोर्ट्स शूज, हातात किल्ल्या.

"यूपी नंबर वाली सफ़ेद गाड़ी किसकी है? मेरे गेट के बिल्कुल आगे! नोएडा में पार्किंग नहीं सिखाते क्या?"

माझं तोंड उतरलं. गाडी माझी होती, आणि उजव्या हाताला फाटक होतं हे मला खरंच दिसलं नव्हतं. मी उठू लागले तशी काकूंनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं. चालू आरतीतून कुणी उठून जात नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. "चड्ढा आंटी, बस दो मिनट," असं म्हणत त्यांनी त्या बाईंच्या हातात झांजा दिल्या आणि पुढची आरती सुरू केली. आमच्या आरत्या कशा असतात ते त्या बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांच्याकडे एक आरती झाली की प्रसाद. इथे एक संपली की दुसरी, ती संपली की तिसरी. प्रत्येक आरतीच्या शेवटी त्या किल्ल्या सरसावून "हो गया?" असं विचारायच्या, आणि सबनीसकाका पुढची उचलायचे. चिडून चिडून शेवटी त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, झांजा बेतालपणे वाजवत. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून गाडीवाल्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे, रोखून बघत होत्या.

दत्ताची आरती सुरू झाली आणि त्या एकदम माझ्या कानाशी आल्या.

"ये मक्खी कहाँ है जो आप कब से उड़ा रही हो? मुझे तो दिख नहीं रही."

मी हाताने काही वारते आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हटलं, "दिन भर स्क्रीन का काम है आंटी, आँखें थक जाती हैं."

"बाईं आँख बंद करो."

"जी?"

"अरे, बंद करो ना!"

त्यांचा आवाज असा होता की मी डावा डोळा मिटला. समोर तसबीर होती. मी मधल्या मुखाकडे बघत होते, आणि त्याच्या उजवीकडचं मुख नव्हतं. तिथे करड्या रंगाची सावली होती, पडदा ओढल्यासारखी. मी उजवा डोळा मिटून बघितलं. तिन्ही मुखं जागच्या जागी. पुन्हा डावा मिटला. सावली. इतके दिवस मी मॉनिटर, केबल, चष्मा, सगळं वेगळं करून तपासलं होतं. एक डोळा मिटून बघायचं मात्र सुचलं नव्हतं.

आंटींनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "चड्ढा साहब भी ऐसे ही मक्खी उड़ाते थे. हमने कहा, बेटी की शादी निपट जाए, फिर दिखाएँगे. शादी भी निपट गई, आँख भी निपट गई."

"शनिवार के बाद दिखा लूँगी," मी म्हटलं. खरंच म्हटलं. तोंडातून तेच आलं.

"कौन-सा शनिवार? चाबी दो अपनी."

काकूंनी आरती म्हणता म्हणताच सगळं ऐकलं होतं. ज्या बाईंनी आजवर कुणाला मध्ये उठू दिलं नाही, त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "ऊठ. जा यांच्याबरोबर. आरती आम्ही म्हणतो."

आंटींनी आधी माझी गाडी बाजूला लावली आणि मग मला स्वतःच्या गाडीत बसवलं. त्या किटी पार्टीला निघाल्या होत्या. तंबोला, म्हणजे आपली हाउजी, त्याच खेळवणार होत्या. त्या दिवशीचा तंबोला बुडाला. वाटेत एक बसवाला, दोन स्कूटरवाले आणि एका मंत्र्याचा ताफा, सगळ्यांचा उद्धार करत त्यांनी मला डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. डोळ्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, प्रखर प्रकाश टाकून तपासलं, आणि डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, की उजव्या डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटत चालला आहे. पडद्याचा मधला, नजरेचा भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून आशा आहे. तो सुटला तर पूर्वीसारखं दिसेल याची खात्री देता येणार नाही. ऑपरेशन सकाळीच करू.

नवरा मानेसरहून ट्रॅफिकमधून वाट काढत येईपर्यंत आंटी शेजारी बसून होत्या. तो आल्यावर त्याला एवढंच म्हणाल्या, "इनको गाड़ी मत देना." आणि गेल्या. मी रोहितला फोन लावला. उद्या नाही, शनिवारीही नाही, पुढचं माहीत नाही, असं सांगितलं आणि त्याच्या गप्प राहण्याची तयारी ठेवली. तो लगेच म्हणाला, "मॅम, आँख पहले. रिलीज़ कौन-सा भागा जा रहा है." इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर ऐकण्याची वेळच आणली नव्हती. आम्ही सगळे मनातल्या मनात उत्तर ठरवून टाकतो आणि मग विचारतच नाही.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरला होता. तो पडद्याला आतून दाबून धरतो, पण त्यासाठी रोग्याने तोंड जमिनीकडे करून पडून राहायचं असतं. खायला, अंघोळीला काय उठायचं तेवढंच. मला आयुष्यात असं काही जमलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी नवऱ्याला वर न बघता सूचना देत होते: गॅस बंद केलास का, बाईला फरशी नीट पुसायला सांग, रोहितचा मेसेज वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी रिलीज झाल्याचं कळलं. एक छोटा दोष राहून गेला होता, तो त्यांनी नंतर दुरुस्त केला. कुणाचं काही अडलं नाही. मला आधी थोडा राग आला, मग हसू आलं, आणि मग का कोण जाणे, रडू आलं. डोळ्याला चालणार नाही म्हणून नवऱ्याने तेही थांबवायला लावलं.

त्यानंतरच्या दिवसांत हळूहळू सूचना संपल्या. फरशीच्या दोन लाद्यांशिवाय समोर काही नव्हतं. साष्टांग नमस्कारात माणूस जसा पडतो तशीच मी पडले होते, फक्त तो नमस्कार संपत नव्हता. नमस्कार करताना मी नेहमी काहीतरी सांगत असे. या वेळी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोळा बरा कर, हे म्हणायलाही जीभ रेटेना, कारण ते काम तर मी सांगायच्या आधीच कुणीतरी हातात घेतलेलं दिसत होतं. त्या दिवशी प्रोग्रॅम बंद पडला नसता तर मी ऑफिसातच असते. फाटक दिसलं असतं तर आंटी वर आल्या नसत्या. आरत्या थोडक्यात आटोपल्या असत्या तर माझी गाडी हटवायला लावून त्या निघून गेल्या असत्या. याला योगायोग म्हणायचं की आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं मला कळलं, की मी ज्याला बिघाड म्हणत होते त्या प्रत्येक ठिकाणी मला धरायला हात होता.

वायू हळूहळू विरत जातो. आधी सगळं धूसर होतं. मग डोळ्यात पाण्याची पातळी दिसावी तशी एक रेघ दिसू लागली, मान हलली की हेलकावणारी. ती रोज थोडी खाली सरकायची. घाई करून ती एका केसाएवढीही हलली नसती. एका सकाळी तिचा लहान गोल बुडबुडा झाला, आणि एक दिवस तोही गेला. उजव्या डोळ्याने सरळ रेघ अजून किंचित वाकडी दिसते. तेवढं राहणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. चालेल.

कामावर मी परत गेले आहे. टीममधल्या कुणी डोकं, पाठ, छाती, काहीही दुखतंय म्हटलं की मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवते. रोहित कधीकधी कपाळाला हात लावतो, पण अडवत नाही. गुरुवारी आर. के. पुरमला जाते, मेट्रोने. चड्ढा आंटीही आता अधूनमधून वर येतात, झांजा वाजवतात, अजूनही बेताल. शेवटची आरती सुरू झाली की काकू, काका, सगळेच डोळे मिटून घेतात. मी मिटत नाही. तसबीर, निरांजनाची ज्योत, काकूंच्या हातातलं हलणारं ताट, आंटींचे स्पोर्ट्स शूज, सगळं बघत उभी राहते. दत्तमहाराजांनी दिलेलं परत घेतलं नाही. ते समोर उभं राहून वापरावं, याहून वेगळा नमस्कार मला येत नाही.