वाकडं कॅरिअर आणि कनिष्ठेचा मुखवटा

सायकलचं मागचं कॅरिअर हा काही पोलिसाच्या आठवणींचा विषय नाही, हे मला मान्य आहे. लोकांना खून हवा असतो, निदान दरोडा तरी. पण इतक्या वर्षांच्या नोकरीतली एक केस काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि ती सगळी एका कॅरिअरमुळे झाली.

मी तेव्हा देवासला टीआय होतो, म्हणजे ठाण्याचा प्रमुख. मूळ घर धारचं, शाळा हिंदी, घरात मराठी, त्यामुळे बोलतो तसंच लिहितोय, सांभाळून घ्या. नकला करायची खोड लहानपणापासूनची. शाळेत मास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, नोकरीत साहेबांची नक्कल करून बदल्या खाल्ल्या.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून मी सायकल घेतली होती. बायको म्हणाली, "रोज सकाळी नुसते भटकून येता. येताना भाजी तरी आणा." मी पिशवी हँडलला लावून आणली आणि वळणावर भोपळ्यासकट आडवा झालो. वर्दीत नव्हतो, एवढंच नशीब. मग ठरलं, मागे कॅरिअर बसवायचं.

महालक्ष्म्यांच्या आवाहनाचा दिवस होता. सकाळीच स्टेशन रोडच्या सायकलवाल्याकडे गेलो. भिंतीवर एक काळं, चकचकीत, हलकं कॅरिअर टांगलेलं होतं. सीटच्या खालच्या दांड्याला मागून पकडायचं, एक खटका दाबला की बसलं. ना पाना, ना नट. मी म्हटलं, हेच द्या.

दुकानदार हसला. "टीआय साब, क्या रखोगे इसपे?"

"भाजी. दोन पिशव्या."

"तो ये मत लो भिया. ये एक ही जगह से पकड़ता है. रेनकोट रखो, टिफिन रखो, चलेगा. दोनों तरफ वजन टांगोगे तो गड्ढे में घूम जाएगा."

"मग लोक घेतात कशाला?"

"दिखता अच्छा है. परसों ही एक भिया ले गए. मैंने यही बोला, पर उनकी गियरवाली साइकिल थी, पीछे छेद ही नहीं. बोले, यही लगा दो."

मग त्याने माझी सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाच्या आसाजवळची दोन भोकं दाखवली. तिथे कॅरिअरचे पाय बोल्टने कसायचे, वर सीटखाली दोन पट्ट्या, म्हणजे वजन चाकाच्या आसावर जातं. लोखंडी घेतलं तर जड पण दणकट, अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर हलकं पण महाग. एक रिकामी पिशवी लावून मला पायडल मारायला लावलं, टाच पिशवीला लागते का बघायला. माझा पाय मोठा, टाच लागली. त्याने लांब कॅरिअर काढलं. मी लोखंडीच घेतलं, वर सामान दाबून धरायला कमानीवाला खटकासुद्धा. आरोपी निवडायला मी कधी एवढा वेळ घेतला नव्हता.

तो बोल्ट कसत होता तेवढ्यात ठाण्यातून मुन्शीचा, म्हणजे आमच्या लिखापढीवाल्या हवालदाराचा, फोन आला. "सर, मुखवटा चोरीला गेलाय. आणि चोर पण आणून बसवलाय."

चोर आणि माल एकत्र आले नाहीत की मला खटकतं. ठाण्यात गेलो.

फिर्यादी चाळिशीचा, पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर, घर देवासला. सोबत धारहून आलेल्या त्याच्या वहिनी, घरातल्या थोरल्या. त्यांच्याकडे पितळी मुखवटे पिढीजात. एक वर्ष धारला थोरल्याकडे महालक्ष्म्या बसायच्या, एक वर्ष देवासला धाकट्याकडे. या वर्षी देवासची पाळी. मुखवटे उजळायला उस्तादकडे दिले होते. उस्ताद म्हणजे बाजारातला पितळेची भांडी घडवणारा, आमच्याकडे ठठेरा म्हणतात तो. सकाळी फिर्यादी सायकलवरून दोन्ही मुखवटे घेऊन निघाला, घरी पोचला तेव्हा ज्येष्ठा होती आणि कनिष्ठा पिशवीसकट गायब.

उस्तादचं नाव आलं ते आमच्या खबऱ्यामुळे. चौकातला पानवाला. त्याने शिपायाला सांगितलं की फिर्यादी सायकलवरून निघाला, पाठोपाठ उस्ताद दुकानातून धावत सुटला, सायकलच्या अगदी मागे पोचला आणि मग परत फिरला. पानवाल्याने पाहिलेलं खरं होतं. पाहिलेलं खरं असलं की माणूस पुढचं स्वतःच जोडून टाकतो. त्याने जोडलं, शिपायाने जोडलं, वहिनींनी तर टाके घालून शिवून टाकलं.

उस्ताद बाकावर बसला होता. साठीचा, बोटं पॉलिशने काळी. मी विचारलं, "मागे का धावलात?"

"चिल्लाने को दौड़ा साब. उनका पीछे का स्टैंड टेढ़ा हो रिया था. मैंने दो-तीन बार आवाज दी, भिया रुको, टेढ़ा हो रिया है. उन्ने मुड़ के देखा ही नहीं. मेरी सांस फूल गई, मैं लौट आया."

"आणि मुखवटा?"

"साब, मेरे हाथ से इस शहर की आधी आरती की थालियां निकली हैं. चोरी करनी होती तो बड़ी समई रखता, आधे मुंह की देवी क्यों रखता?"

मुन्शी माझ्या कानाशी आला. "सर, इसकी दुकान पे भीड़ लगी है. लोग अपने बर्तन वापस मांग रहे हैं. लड़का अकेला है."

इथे मला केसचं खरं वजन कळलं. फिर्याद अजून साध्या अर्जावर होती. मी एफआयआर लिहिला की उस्ताद पुढे सुटला काय, न सुटला काय. ज्याच्याकडे लोक देवघरातली भांडी विश्वासाने टाकून जातात, त्याच्या नावावर देवीचा मुखवटा चोरल्याचा गुन्हा, म्हणजे दुकान त्याच दिवशी बंद. आणि तिकडे सूर्यास्ताच्या आत आवाहन.

फिर्यादीला विचारलं, "तुम्हाला कोणी मागून हाक मारली?"

त्याने आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही साहेब. कोणीही नाही. चुपचाप येऊन ओढली त्याने. घरी बघितलं तर कॅरिअर पण एका बाजूला ओढलेलं होतं. पुरावा आहे."

वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आपल्यातलेच, तुम्हाला काय सांगायचं. आमच्यात मुखवटे घरी येताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. पूर्वी डोक्यावरून आणायचे. भावजींना सायकल सुचली. म्हटलं आणा, पण दोघींना एकीवर एक ठेवू नका, मान सारखा आहे. एक डावीकडे, एक उजवीकडे."

डावीकडे एक, उजवीकडे एक. मी सायकल आत मागवली. तेच काळं, चकचकीत कॅरिअर. सकाळी माझ्या घरी यायचं होतं, ते पुरावा होऊन ठाण्यात आलं.

पण यंत्र बोललं तरी माणसाचा जबाब लागतो. मी फिर्यादीच्या त्या पहिल्या नजरेला धरून होतो. उत्तर देण्याआधी माणूस ज्याच्याकडे बघतो, खोटं बहुतेक त्याच्यासाठीच असतं. मी महिला शिपायाला म्हटलं, "वहिनींना आत बसवा, चहा द्या, धारची चौकशी करा." वहिनी उठल्या, पण जाता जाता भावजींना बजावून गेल्या, "काय ते नीट सांगा."

दार लागल्यावर मी फिर्यादीला भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, "मागे बघायचं नाही. तुम्हाला सवय आहेच."

मग मी एकेकाचा आवाज काढला. आधी मुन्शीचा, नाकातला: "ओ साब, गाड़ी साइड में लो." मग पानवाल्याचा, गालात पान धरून. मग आमच्या एका जुन्या साहेबांचा, ज्याने मुन्शीला खोकला आला. फिर्यादी भिंतीकडेच बघत. शेवटी मी दम लागलेला, घोगरा आवाज काढला: "भिया रुको. ओ भिया. टेढ़ा हो रिया है."

त्याची मान गर्रकन मागे वळली. बघितलं तर मीच.

"हाच ना?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "हाच. दोन-तीनदा आला. मी थांबलो असतो, साहेब, पण मागे कसा बघणार?"

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"वहिनी होत्या ना समोर. मुखवटे आणताना मागून हाक आली, म्हणजे टोकलं. त्यांना कळलं असतं तर परत उस्तादकडे नेऊन ठेवा, पुन्हा आंघोळ करा, पुन्हा आणा. आणि आयुष्यभर ऐकायचं, भावजींच्या वेळेला टोकलं होतं. मला वाटलं, सांगितलं नाही तर टोकलंच नाही."

"आणि त्याच्यासाठी एक माणूस बाहेर बाकावर बसलाय."

उत्तराची वाट न बघता मी पुढचं विचारलं.

"रस्त्यात कुठे झटका लागला?"

"पुलियावर. मला वाटलं खड्डा असेल."

"आणि मागे बघितलं नाही."

"नाही."

तपासात प्रात्यक्षिकाला पर्याय नाही. मी त्याचीच सायकल घेतली, कॅरिअर सरळ केलं, दोन्ही बाजूंना मुखवट्यांच्या वजनाचे बटाटे टांगले. शिपाई मोटरसायकलवर मागे. बाजारातून टीआय बटाटे घेऊन सायकलवर चाललाय, हे दृश्य देवासने मोठ्या मनाने बघितलं. पानवाल्याने सलामही ठोकला.

चौकापर्यंत ठीक. पहिल्या खड्ड्याला मागे कुरकुर झाली. पुढे शिपाई ओरडला, "सर, टेढ़ा हो रहा है." मी मागे बघितलं नाही, मुद्दाम. नाल्यावरच्या पुलियाला वळण आहे, रस्ता अरुंद, डाव्या हाताला बुटका कठडा. वळताना कॅरिअर दांड्याभोवती फिरलं, शेपूट डावीकडे निघालं, डावी पिशवी फूटभर बाहेर आली आणि धाडकन कठड्यावर आदळली. बंद सुटला. बटाटे कठड्यावरून खाली.

मी उतरलो. सकाळी फिर्यादीच्या घरचे आणि आमचे शिपाई वरूनच रस्ता शोधून गेले होते. रस्त्यावर काहीच नव्हतं, कारण रस्त्यावर काही पडलंच नव्हतं. शिपाई खाली उतरला, बेशरमाच्या झुडपात काठी घातली. आधी माझे बटाटे निघाले. मग एक लाल पिशवी.

पंचनामा तिथेच केला. पंच म्हणून पानवाल्यालाच बोलावलं, म्हटलं तुम्ही सुरुवात बघितलीत, आता शेवटही बघा. मुखवटा शाबूत होता, फक्त डावा गाल दबला होता.

ठाण्यात वहिनींनी कनिष्ठेला पदरात घेतलं, गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अशी कशी बसवू हिला?" मग फिर्यादीने सगळं सांगितलं, टोकल्याचंही. मला वाटलं आता भांडण. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, देवीने नाही हो टोकलं. माणूस सांगत होता."

उस्तादला मी जायला सांगितलं. तो उठला, बाहेर गेला. आणि संध्याकाळच्या आत पितळेचा गाल काढणारा दुसरा कोणी देवासमध्ये नव्हता. पोलिसांचं काम इथे संपतं. पण मी गेलो त्यांच्यासोबत.

दुकानात उस्तादने मुखवटा उलटा करून आतून बघितला. फिर्यादी हात जोडून उभा. "उस्ताद, चूक झाली. आज होईल का?"

"हो जाएगा." त्याने लाकडी हातोडी घेतली. "पर भिया यहां बैठेंगे. अंदर नहीं, बाहर पटिये पे. जब तक काम चले."

"क्यों उस्ताद?" फिर्यादीने विचारलं.

"मेरे को सुबह सबने थाने जाते देखा है. अब आपको मेरे यहां बैठा देखें."

फिर्यादी पटियावर, म्हणजे दुकानापुढच्या कट्ट्यावर, बसला. इस्त्रीचा शर्ट, खाली मान. थोड्या वेळात एक गृहस्थ आले, म्हणाले, "उस्ताद, हमारी समई दे दो, जैसी है वैसी." उस्तादने वर पाहिलं नाही. नुसती हातोडी फिर्यादीकडे केली.

फिर्यादी उभा राहिला. इंजिनियर माणूस, कारखान्यात शंभर माणसांना हुकूम देत असेल, इथे स्वतःच्या चुकीचा जबाब देत होता. "काका, मुखवटा पुलियाखाली पडला होता. माझ्याच सायकलवरून. उस्ताद तर मला सांगायला धावले होते."

गृहस्थ थोडे घुटमळले. समई तिथेच ठेवून निघून गेले. पुढे आणखी दोघं आले, फिर्यादीने दोघांना तेच सांगितलं, तिसऱ्या वेळेला तर न विचारताच. आत ठकठक चालू होती. उन्हं कलायच्या आत कनिष्ठेचा गाल वर आला. मुखवटा या वेळी डोक्यावरून गेला, वहिनींच्या.

या केसने मला शिकवलं ते तपासाबद्दल नाही. तपास मला येत होता. मला वाटायचं, निर्दोष माणसाला ठाण्यातून सोडलं की आपलं काम झालं. पण ज्या बाजारातून आपण त्याला उचललं, तिथे तो अजून उचललेलाच असतो. म्हणून त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी कोणालाच नुसतं "जाओ" म्हणून सोडलं नाही. जीपमध्ये पुढे बसवायचो, दिवसाढवळ्या त्याच्या दारापर्यंत न्यायचो, आणि उतरून त्याच्याकडे एक चहा घ्यायचो. सावकाश. शेजारपाजारचे बघून होईपर्यंत.