किचन कुणाकडून बसवायचं?

“मॅडम, फर्मचं नाव बदलू का?” संजय मेश्रामांनी विचारलं.

मी स्टुटगार्टला नव्या व्यावसायिकांना सल्ला देण्याचं काम करते. समोर बसलेलं हे नागपूरचं जोडपं किचन बसवून द्यायचं. इकडे भाड्याची घरं बहुतेकदा किचनशिवाय मिळतात. ओटा, कपाटं, सिंक, सगळं आपणच आणायचं. प्रतिभाताई डिझाइन करायच्या, संजय बसवायचे. जर्मन गिऱ्हाइकं खूश होती, पण ती थोडीच. भारतातून आयटीवाले सतत येत होते. त्यांच्यातली मराठी माणसं मात्र मेश्रामांकडे फिरकत नव्हती.

“दर जास्त आहेत का?”

“सबनीसांपेक्षा कमीच आहेत,” प्रतिभाताई म्हणाल्या. सबनीस नवराबायकोही हाच धंदा करायचे. त्यांना कामं आवरत नव्हती. “आणि नाव बदलून काय होणार? फोनवर पहिलं आडनावच विचारतात. मग गाव. मग ‘कळवतो’ म्हणतात.”

मी आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनना फोन केला. नव्याने आलेले सगळे त्यांनाच विचारतात.

“मेश्रामांचं काम चांगलं आहे म्हणे,” ते म्हणाले. “पण आपले सबनीस आहेत ना.”

“मेश्रामही मराठीच आहेत.”

“तसं नाही हो. आपले म्हणजे… तुम्हाला कळतंय, जोशी मॅडम.”

कळत होतं. त्यांनी मेश्रामांना नावं ठेवली नव्हती. फक्त नंबर एकाचाच द्यायचे.

मी माझ्या ओळखीत मेश्रामांचं नाव सांगत राहिले. एकदोन कामं आली. तेवढ्यावर घर चालत नाही.

वसंतात संजयचा फोन आला. “काम मिळालं, मॅडम. सबनीसांकडे, झुबउंटरनेमर, पोटकंत्राटदार म्हणून.”

म्हणजे ऑर्डर सबनीसांची, मेहनत मेश्रामांची, आणि पैशातला मोठा वाटा सबनीसांचा. डिझाइन सबनीसबाई करतात. प्रतिभाताई सुपरमार्केटमध्ये कॅशवर बसतात. ‘अभिनंदन’ म्हणायला हवं होतं. मी ‘हिशेब लेखी घ्या’ एवढंच सांगितलं.

परवा त्याच ॲडमिनकडे चहाला गेले होते. किचन नवंकोरं.

“सबनीसांचं काम! कुठे फट दिसणार नाही,” ते कौतुकाने म्हणाले.

“बसवायला कोण आलं होतं?”

“होता त्यांचा कुणीतरी माणूस.”

दर, दर्जा, मागणी यांवर मी आजही सल्ला देते. कोण कुणाला कुणाचा नंबर देतं, त्यावर माझ्याकडे सल्ला नाही. धंदा बहुधा त्यावरच चालतो.