कवळीमास्तरांचं सँडविच

कवळीमास्तरांची नजर माणसाच्या चेहऱ्यावर कधी ठरत नसे, ती थेट तोंडात शिरे. समोरचा हसला की हे त्याच्या डोळ्यांत न बघता सुळ्याकडे बघत. लग्न ठरायच्या आधी ते होणाऱ्या बायकोला भेटून आले, तेव्हा मित्रांनी विचारलं की दिसायला कशी आहे. खालचे पुढचे दात जरा दाटीवाटीने आहेत, पण दाढा भक्कम, असं उत्तर यांनी दिलं होतं. बायकोला हे लग्नानंतर कळलं आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकावं लागतं.

मास्तर कवळ्या बनवायचे. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे आणि तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून मास्तर त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचे, चावा जुळतो का ते बघायचे, न जुळल्यास सगळं उपसून पुन्हा रोवायचे. खोलीभर प्लास्टरची भुकटी. त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या ते या भुकटीमुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. रविवारी आंघोळीनंतरही त्या पांढऱ्याच असायच्या, पण हा विषय घरात कुणी काढत नसे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. दाताने बाटलीचं बूच उघडू नका, बर्फ चावू नका, असं रस्त्यातल्या कुणालाही थांबवून सांगायच्या सवयीमुळे गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. ताईने सगळी नोकरी बसस्थानकावर केली होती, तीही काचेच्या खोलीत, माइकसमोर बसून. कोणती गाडी कुठून सुटणार, कोणती आज येणारच नाही, हे सगळं गावाने तिच्याच तोंडून ऐकलेलं. गाडीला उशीर होणार हे ती अशा आवाजात सांगायची की ताटकळलेल्या माणसालाही वाटावं, बरं झालं, जरा टेकता येईल. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीच्या दुकानात ती नुसतं "अर्धा किलो बटाटे" म्हणाली की मागच्या रांगेतलं कुणीतरी वळून बघायचं. ताई बघितलं न बघितल्यासारखं करायची, पण पुढची भाजी जरा जास्तच स्पष्ट उच्चारात मागायची.

दात मात्र तिने कधी सांभाळले नाहीत. मास्तरांची बहीण असून! या एका गोष्टीने मास्तरांची मान धंद्यात खाली जायची. एकेक करत सगळे गेले आणि या वर्षी उरलेसुरलेही काढावे लागले. मग मास्तर कामाला लागले. ताईचा तरुणपणीचा हसरा फोटो समोर ठेवून, बाकीची कामं बाजूला सारून त्यांनी कवळी बनवली. समोरचा एक दात किंचित कलता होता, तोसुद्धा तसाच कलता बसवला. आयुष्यात इतकं चांगलं काम हातून झालं नव्हतं असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी बायकोला, दंतवैद्यांना आणि दूधवाल्याला बोलूनही दाखवलं.

ताईने कवळी घातली, आरशात बघितली, "छान आहे हो छोट्या," म्हणाली. मास्तरांची पन्नाशी उलटली होती, पण तिच्यासाठी ते छोट्याच. त्यानंतर कवळी जी डबीत गेली ती डबीतच राहिली. ताई पातळ, मऊ, कालवलेलं असं काहीबाही खायची आणि कुणी आलं की तोंडाशी रुमाल धरून हं-हं करायची. विचारलं तर म्हणायची, बोचते. मास्तरांनी तिचं तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात हिरड्या तपासल्या. कुठे लाली नव्हती की ओरखडा नव्हता. बोचत नव्हतीच ती. पण थोरल्या बहिणीला खोटं बोलतेस म्हणायची त्यांची छाती नव्हती. जिन्यावरून खाली येताना ते दात-ओठ खात आले, आणि ते त्यांना परवडण्यासारखं होतं, कारण त्यांचे सगळे शाबूत होते.

उपाय बायकोने सुचवला. ती पोस्टात नोकरीला होती आणि निघण्याच्या घाईतच तिला चांगल्या गोष्टी सुचायच्या. ताईला आवडेल असं काही चावायला दिल्याशिवाय ती कवळी घालणार कशाला, असं तिचं म्हणणं. आणि ताईला काय आवडतं हे तर जगजाहीर होतं. बसस्थानकाच्या कँटीनमधलं चिकन सॅलडचं सँडविच. दोन घोषणांच्या मधल्या वेळात माइक बंद करून ती ते खायची, आणि एकदा माइक बंद करायचा राहून गेल्यामुळे सगळ्या फलाटांनी ते खाणं ऐकलंही होतं.

कँटीन आता राहिलं नव्हतं. बायको म्हणाली, रविवारी मी करून देईन. मास्तर म्हणाले, सँडविच म्हणजे काही स्वयंपाक नव्हे, गॅससुद्धा फारसा लागत नाही, मी आजच करतो. निघताना बायकोने आपला नवा चाकू कपाटात ठेवला आणि जुना ओट्यावर काढून ठेवला.

मास्तरांनी बिनहाडाचं चिकन आणलं, मीठ, मिरी आणि कांद्याच्या फोडी घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजवलं आणि गार व्हायला ठेवलं. इथवर कुणीही नावं ठेवली नसती. पण मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. चिकन हाताने पिंजायचं सोडून त्यांनी ते बारीक, मग अतिबारीक, मग आणखी बारीक केलं. कांद्याची तीच गत. काकडीच्या बिया काढल्या, ती किसून पिळली. सगळ्यावर मेयोनीज, थोडं घट्ट दही, लिंबू, मिरपूड आणि मोहरीचा सॉस घालून ते कालवायला लागले. कालवायला त्यांनी कामाच्या खोलीतली प्लास्टरची पळी घेतली होती. ती नवी होती, एकदाही वापरलेली नव्हती, असं ते आजही शपथेवर सांगतात. एकही गुठळी राहिली नाही तेव्हाच त्यांचा हात थांबला. ब्रेडच्या कडा कापल्या, लोणी लावलं, सारण पसरलं, आणि ते इतकं सपाट बसलं की त्यांनी खाली वाकून, एक डोळा मिटून ते बघितलं.

ताई खिडकीशी बसली होती. बशी बघून ती खुलली. "तू केलंस?" एवढंच म्हणाली आणि भावाला पाणी आणायला आत पाठवलं. ते पाणी घेऊन येईपर्यंत सँडविच अर्धं संपलं होतं. उरलेलं तिने रुमालाआडून सावकाश संपवलं. मास्तर भरून पावले. बोचत नाही ना, असं त्यांनी विचारलं, तर ताईने मान हलवली.

संध्याकाळी बायको घरी आल्यावर त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. ती कौतुकाने ऐकत राहिली, मग ताईची बशी आणायला वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आली ती जिन्याच्या कठड्याला धरून, हसू दाबत. ताईच्या शेल्फवर कवळीची डबी होती तशीच होती. झाकणावर धूळ होती आणि धुळीवर बोटाचा एक ठसाही नव्हता. मास्तरांनी सँडविच इतकं मऊ केलं होतं की त्याला दातांची गरजच उरली नव्हती.

"अहो, तुम्ही तिला खायला दिलं," बायको म्हणाली, "चावायला कुठे दिलं?"

मास्तर जेवले नाहीत. म्हणजे थोडंसंच जेवले.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा सँडविच केलं, आणि या वेळी बायको शेजारी स्टूलवर बसून होती. चिकन बोटांनी पिंजून त्याचे जाड धागे ठेवले. हिरवं सफरचंद सालीसकट चिरलं. काकडी किसली नाही, तिचे तुकडे केले आणि अगदी शेवटी घातले, म्हणजे पाणी सुटायला वेळ मिळणार नाही. ब्रेड तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजला, कडा ठेवल्या. बायकोने चाखून मीठ थोडं वाढवलं आणि प्लास्टरची पळी स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार केली.

वर गेल्यावर मास्तरांनी बशी टेबलावर ठेवली, शेजारी डबी ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसले. पाणी आणायला या वेळी ते उठले नाहीत. ताईने बशीकडे बघितलं, भाजलेल्या कडांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मग तिने पाठ वळवून कवळी घातली, सँडविच उचललं आणि चावलं.

करकन आवाज आला. ताईच्या कपाळावर आठी पडली नाही, हात गालाकडे गेला नाही. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. दोन घासांच्या मध्ये तिने सँडविच बशीत ठेवलं तेव्हा मास्तरांनी ते चटकन उचलून उजेडात धरलं. ब्रेडवर दातांची कमान उमटली होती, स्वच्छ, आणि कलत्या दाताची खूणही जागच्या जागी.

"दे इकडे," ताईने खुणेनेच सांगितलं आणि सँडविच परत घेतलं.

ते संपेपर्यंत मास्तर थांबले. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू आवाजात, की ताई, बोचत नाही, चावता येतं, दिसते छान, मग तू घालत का नाहीस?

रुमाल ताईच्या हातात होता, पण या वेळी तो तोंडाशी गेला नाही.

"ऐक," ती म्हणाली. मग ताठ बसली आणि माइकसमोर बोलायची तशी बोलली, "सात नंबरच्या फलाटावरून सुटणारी साडेसहाची बस सुटण्यास सज्ज आहे."

प्रत्येक सकाराला बारीक शीळ वाजली. 'सुटण्यास सज्ज'ला तर इतकी लांब वाजली की खिडकीतलं मांजर उठून बसलं.

मास्तरांना हसू फुटणार होतं. पण त्यांनी ताईचा चेहरा बघितला, बहुधा कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दातांच्या वर नजर नेऊन, आणि हसू तिथेच विरलं. तिचे डोळे भरले होते.

"माझ्याकडे दुसरं होतं काय रे, आवाजाशिवाय?" ताई म्हणाली. पुन्हा शीळ वाजली, आणि तिने वाजू दिली.

मास्तर मान खाली घालून बसले. कवळी बसवताना त्यांनी ताईला आ करायला सांगितलं होतं, चावायला, मिटायला, हसायलाही सांगितलं होतं. बोलायला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या तोंडाचं ऐकून सगळं गाव घरी पोचलं, त्याला त्यांनी नुसतं जेवायचं तोंड धरलं होतं. हे सगळं ते तिला बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की हात धुऊन खाली ये, आपण बघू.

पुढचे काही दिवस खालच्या खोलीत दुसरं काम झालं नाही. पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या बाजूला भर जास्त झाली होती आणि हवेला चिंचोळी फट उरली होती. मास्तर तिथे जरासं घासायचे, ताई कवळी घालून एक वाक्य म्हणायची आणि कवळी काढून परत द्यायची. जास्त घासलं गेलं तर 'स'चा 'श' व्हायचा, मग पुन्हा मेणाचा पातळ थर. थोरल्या बहिणीला धाकट्याची परीक्षा घ्यायची अशी संधी पुष्कळ वर्षांनी मिळाली होती आणि ती सोडायला तयार नव्हती. सगळं जमलं तरी ती 'संस्थेचे सचिव' म्हणून बघायची, मग 'सशाची शिंगं', आणि नाक मुरडायची. मास्तर निमूट घासायचे. शेवटी एका दुपारी ती वर्तमानपत्राचं अख्खं पान वाचून गेली, बाजारभावांसकट, आणि कुठे काही वाजलं नाही. तिने पान घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "आता ठीक." याहून मोठी शाबासकी तिने आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

त्यानंतर मास्तरांनी धंद्यात एक नवा नियम केला. साच्यावर भागवायचं नाही, माणूस समोर पाहिजे. कवळी बसवून बघितली की त्याला बोलायला लावायचं, आणि आपण गप्प बसायचं. हे दुसरं त्यांना फार जड गेलं. दंतवैद्य कुरकुरले की काम रेंगाळतं, आणि रेंगाळायचंच. बोला म्हटल्यावर सुरुवातीला कुणाला काही सुचत नाही, आणि एकदा सुचलं की कुणी थांबत नाही. एक उंच, अबोल गृहस्थ आले होते. काय बोलू, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग गच्चीत लावलेल्या टोमॅटोंविषयी बोलायला लागले ते चहाची वेळ टळली तरी थांबेनात. ताई जिन्यात बसून ऐकत होती. त्यांचा 'स' पहिल्यापासूनच व्यवस्थित होता हे मास्तरांना केव्हाच कळलं होतं, पण मधे बोलायचं नाही हा नियम त्यांचाच होता. त्या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात पिशवीभर टोमॅटो पाठवले. मास्तर ते सँडविचमध्ये घालायला निघाले तेव्हा ब्रेड ओला होईल म्हणून बायकोने अडवलं आणि ताईनेही तिचीच बाजू घेतली, खणखणीत आवाजात.